क्लाऊड कम्प्युटिंगचा अभ्यासक्रम : काय शिकवावे आणि काय गाळावे

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या व चौथ्या वर्षात शिकणारी मुलेमुली आज आपल्या अनेक धर्मग्रामांत आहेत. संगणक किंवा माहिती तंत्रज्ञान शाखेतील मुलांच्या विषयांत ‘क्लाऊड कम्प्युटिंग’ हे नाव बहुधा आढळते. क्लाऊड म्हणजे ढग. ढगांचा आणि संगणकाचा काय संबंध, असा प्रश्न पालकांना साहजिकच पडतो. पुढे मुलगा किंवा मुलगी जेव्हा सांगते की, कॉलेजात नुसत्या व्याख्या पाठ करून घेतात, खरे शिकायचे तर बाहेर क्लास लावावा लागेल आणि सर्टिफिकेटची परीक्षाही द्यावी लागेल, तेव्हा तो प्रश्न घरखर्चाचा होऊन बसतो. हा विषय विद्यापीठात शिकवायचा झाल्यास त्याची आखणी कशी असावी, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत. अभ्यासक्रम आखणे हे प्राध्यापकांचे काम आहे हे खरे. परंतु ते नीट झाले नाही तर त्याची किंमत विद्यार्थी आणि पालक मोजतात, म्हणून तो विषय आपल्याही विचाराचा आहे.

प्रथम नावाविषयी. संगणकांच्या जाळ्याची आकृती काढताना, ज्या भागाचा तपशील दाखवायचा नसेल तेथे ढगाचे चित्र काढण्याची अभियंत्यांची जुनी पद्धत होती. तेथूनच हे नाव आले. प्रत्यक्षात त्या ढगाच्या आत सिमेंटच्या इमारती असतात, त्यांत हजारो संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा आणि अखंड वीज असते. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. त्यांतील यंत्रे आपण विकत न घेता वापरतो आणि जेवढी वापरली तेवढेच पैसे देतो. घरच्या विहिरीवर स्वतःचा पंप बसविणे आणि नगरपालिकेच्या नळाला मीटर लावून पाणी घेणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. दुसरे उदाहरण लग्नाच्या मंडपाचे. एका दिवसाच्या पाहुण्यांसाठी कोणी पाचशे खुर्च्या विकत घेत नाही. त्या भाड्याने आणतो व दुसऱ्या दिवशी परत पाठवितो. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाऊडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यातील मोजमाप आणि लवचिकता ही दोन लक्षणे म्हणजे हा मीटर आणि या खुर्च्याच होत. त्या व्याख्येत पाच लक्षणे, सेवेचे तीन प्रकार आणि उभारणीच्या चार पद्धती सांगितल्या आहेत. आपल्याकडील कित्येक प्रश्नपत्रिका या बारा गोष्टींभोवतीच फिरतात, हे मात्र दुर्दैवाचे आहे.

या विषयाच्या अध्यापनाचा आरंभ कसा झाला हे पाहणे उद्बोधक ठरेल. गुगल कंपनीने आपल्या प्रचंड माहितीवर काम करण्याची पद्धत २००३ आणि २००४ सालच्या दोन शोधनिबंधांतून जगापुढे मांडली. २००६ साली ॲमेझॉनने साठवणीची सेवा आणि त्यानंतर काही महिन्यांत संगणक तासावर भाड्याने देण्याची सेवा सुरू केली; लहान यंत्राचे भाडे तासाला दहा सेंट होते. त्याच सुमारास अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आणि गुगलमधील तरुण अभियंता क्रिस्तोफ बिसिग्लिया याच्या एक गोष्ट ध्यानात आली : नोकरीसाठी मुलाखतीला येणारी मुले हुशार असत, पण एकाच संगणकाचा विचार करण्याची त्यांना सवय होती. आकडेमोड हजार यंत्रांत वाटायची म्हटले की ती अडखळत. तेव्हा त्याने आपल्या जुन्या विद्यापीठात जाऊन प्राध्यापकांच्या साहाय्याने २००६-०७ या शैक्षणिक वर्षात एक अभ्यासक्रम सुरू केला. ऑक्टोबर २००७ मध्ये गुगल आणि आयबीएम यांनी हाच उपक्रम एमआयटी, स्टॅनफर्ड, बर्कली, कार्नेगी मेलन आणि मेरीलँड या विद्यापीठांपर्यंत नेला.

फेब्रुवारी २००९ मध्ये बर्कली येथील आर्मांडो फॉक्स, डेव्हिड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील एक मुद्दा आजही पहिल्या तासाला सांगावा इतका मोलाचा आहे. एक यंत्र हजार तास वापरले काय आणि हजार यंत्रे एक तास वापरली काय, भाडे सारखेच पडते. विकत घेतलेल्या यंत्रांच्या बाबतीत असे कधीच शक्य नव्हते. छायाचित्रांपासून चित्रफिती बनवून देणाऱ्या एका लहान कंपनीला तीन दिवसांत पन्नास सर्व्हरवरून साडेतीन हजारांपर्यंत जावे लागले, आणि गर्दी ओसरल्यावर पुन्हा खाली येता आले, असे उदाहरण त्या अहवालात आहे.

या इतिहासावरून आम्हांला असे वाटते की, हा विषय मुळात एका प्रश्नातून जन्मास आला : काम एका यंत्रात मावत नाही, मग काय करायचे? अभ्यासक्रम आखताना हा प्रश्न हातचा सुटला की उरतात त्या कंपन्यांच्या सेवांच्या याद्या.

तासांचे गणित

आठवड्यास तीन तास आणि तेरा आठवडे धरले, तर वर्गातील अध्यापनासाठी एकूण ३९ तास मिळतात, प्रात्यक्षिके वेगळी. एवढ्या वेळात सर्व काही शिकविता येत नाही, आणि ते मान्य करणे हीच आखणीची पहिली पायरी होय. ज्या विद्यार्थ्याने ऑपरेटिंग सिस्टीम, संगणकांचे नेटवर्क आणि डेटाबेस हे विषय पूर्ण केलेले नाहीत, त्याला क्लाऊड शिकविणे म्हणजे पायाशिवाय माडी बांधणे आहे. म्हणून हा विषय सहाव्या सत्रापूर्वी येऊ नये. नवीन विषय शक्य तितक्या खाली आणून जाहिरातीत मिरविण्याची जी घाई काही ठिकाणी दिसते, ती आम्हांस योग्य वाटत नाही.

आता त्या ३९ तासांना एक कणा हवा. येथे आम्ही आपल्या महाराष्ट्रातील सर्वांना ठाऊक असलेले एक उदाहरण घेतो : दहावीचा निकाल. सुमारे पंधरा लाख मुले, दुपारी एकची वेळ, आणि प्रत्येक घरातून एकाच संकेतस्थळावर धाव. समजा, सर्वांनी पहिल्या दहा मिनिटांत एकेकदा निकाल पाहिला, तर सेकंदाला अडीच हजार मागण्या येतात. एक सर्व्हर सेकंदाला अडीचशे मागण्या पुरवितो असे धरले तर दहा सर्व्हर हवेत. आणि उरलेले वर्षभर अर्ध्याचेही काम नाही. मंडपाच्या खुर्च्या त्या याच. विद्यार्थ्यांनी सत्रभर हीच एक सेवा उभारावी. पहिल्या आठवड्यात ती एका संगणकावर चालेल आणि कृत्रिम गर्दी सोडताच कोसळेल. ती कोसळलेली प्रत्येकाने पाहावी. मग एकाचे दोन सर्व्हर करावेत, मागण्या वाटून देणारा लोड बॅलन्सर पुढे ठेवावा, गर्दीनुसार यंत्रे आपोआप वाढविणारी व कमी करणारी योजना लावावी. हे करताना व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, कंटेनर कशासाठी, माहितीच्या दोन प्रती ठेवल्या तर त्या एकमेकींशी जुळत्या कशा ठेवाव्यात, हे प्रश्न आपोआप पुढे येतात. व्याख्या मागाहून सांगितली तरी चालते.

परंतु या उदाहरणाची खरी गंमत पुढे आहे. एखादा विचारी विद्यार्थी सातव्या-आठव्या आठवड्यात म्हणेल, “सर, निकाल तर बदलतच नाही. मग प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारायचेच कशाला?” एका निकालाचे पान दोन किलोबाइटचे धरले तर पंधरा लाख पाने मिळून तीन गिगाबाइट होतात. एवढे तर साध्या लॅपटॉपच्या स्मृतीत मावते. पाने आधीच तयार करून ठेवली तर दहा सर्व्हरही नकोत. यंत्रे वाढविण्यापूर्वी कामच कमी करता येते का हे पाहावे, हा धडा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत सहसा मिळत नाही. यंत्रे भाड्याने देणाऱ्याला तो सांगण्याची घाई नसते!

त्यावर प्राध्यापकांनी पुढचा प्रश्न विचारावा. पानाचे नाव म्हणजे बैठक क्रमांक असेल, तर कोणीही कोणाचाही निकाल पाहू शकेल. म्हणून बैठक क्रमांकासोबत आईचे नाव विचारले जाते. पण आपल्याकडे प्रचलित असलेली आयांची नावे तरी किती? काहीशे नावे ओळीने वापरून पाहणारा प्रोग्रॅम विद्यार्थी अर्ध्या तासात लिहू शकतो. तो रोखायचा तर कोण किती वेळा विचारतो याची नोंद ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा सर्व्हर आला. वेग आणि गोपनीयता यांची ही ओढाताण खरी आहे आणि तिचे एकच एक उत्तर नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला, आणि त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे. दहावीची बहुतेक मुले या व्याख्येत येतात. कायद्याचा हा तास वेगळ्या प्रकरणात न ठेवता नेमका येथे ठेवावा, असे आम्ही सुचवू.

प्रयोगशाळेचा खर्च आणि कार्डाचा प्रश्न

या विषयाची प्रात्यक्षिके कोठे करायची, हा आमच्या मते सर्वांत नाजूक प्रश्न आहे. मोठ्या कंपन्या काही काळ विनामूल्य खाते देतात, परंतु ते उघडताना सर्वसाधारणपणे क्रेडिट किंवा डेबिट कार्ड मागितले जाते. वर्गातील किती मुलांकडे असे कार्ड असते? मग वडिलांचे कार्ड मागणे आले. एखाद्या घरी ते सहज मिळते, एखाद्या घरी कार्डच नसते, आणि असले तरी परदेशी कंपनीला त्याचा क्रमांक देण्याची आईवडिलांना भीती वाटते. ती भीती निराधार नाही. जुन्या, दहा सेंटच्याच दराने हिशेब करू. प्रात्यक्षिक संपल्यावर यंत्र बंद करावयाचे राहिले, तर महिन्याचे ७२० तास आणि ७२ डॉलर. साठ जणांच्या वर्गात सगळेच विसरले तर ४,३२० डॉलर! यापेक्षा महागडी यंत्रे चुकून निवडली गेली तर आकडा आणखी फुगतो.

म्हणून विद्यार्थ्याला स्वतःचे किंवा पालकांचे कार्ड वापरावे लागेल असे एकही प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात असू नये, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. मार्ग उपलब्ध आहेत. मायक्रोसॉफ्टची विद्यार्थ्यांसाठी असलेली योजना कार्ड न मागता शंभर डॉलरपर्यंतचा वापर देते. ॲमेझॉनचीही महाविद्यालयांसाठी शिक्षकांमार्फत चालणारी योजना आहे. महाविद्यालयाने अशी खाती एकत्रितपणे घ्यावीत, प्रत्येक खात्याला खर्चाची मर्यादा घालावी आणि रात्री सर्व यंत्रे आपोआप बंद होतील अशी व्यवस्था करावी. ती व्यवस्था लिहिणे हेच एक उत्तम प्रात्यक्षिक आहे.

तथापि सत्राचा पहिला अर्धा भाग भाड्याच्या यंत्रांवर जाऊच नये, असे आम्हांस वाटते. बहुतेक महाविद्यालयांत वापरातून काढलेले संगणक कपाटात किंवा जिन्याखाली पडून असतात. त्यांतील आठ-दहा यंत्रांवर लिनक्स घालून, ती एका स्विचला जोडून वर्गाचा स्वतःचा छोटा क्लाऊड उभा करता येतो. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली सुरू केलेली ओपनस्टॅक ही प्रणाली मुक्त आहे. ती जड वाटल्यास नुसते कंटेनरही चालतील. येथे विद्यार्थी यंत्राची तार उपसून पाहू शकतो, आणि तार उपसल्यावर आपल्या सेवेचे काय झाले हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. भाड्याच्या ढगात हे जमत नाही. उत्तरार्धात मग हीच सेवा खऱ्या क्लाऊडवर न्यावी. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गुगलने २०१७ साली मुंबईत आपली केंद्रे उघडली आहेत. मुंबईच्या केंद्राऐवजी अमेरिकेतील व्हर्जिनियाचे निवडले तर काय होते, हे मोजून पाहावे. अंतर सुमारे तेरा हजार किलोमीटर, काचतंतूतून प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. म्हणजे निरोप जाऊन परत येण्यास निदान १३० मिलिसेकंद लागणारच. कितीही पैसे दिले तरी ते कमी होत नाहीत.

बिघाडाचे शिक्षण

एक संगणक तीन वर्षांतून एकदा बिघडतो असे मानू. हजार संगणक असतील तर रोज सरासरी एक बिघडेल. घरच्या संगणकाचा बिघाड हा अपवाद असतो, डेटा सेंटरमध्ये तो नित्यक्रम असतो. ही मनाची तयारी ज्या अभ्यासक्रमात होत नाही, त्यात बाकी कितीही भर घातली तरी तो अपुराच राहतो. त्यासाठी दोन घटना सविस्तर अभ्यासाव्यात.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या साठवण सेवेतील एका कर्मचाऱ्याने काही थोडे सर्व्हर बाजूला काढण्यासाठी आज्ञा दिली. आज्ञेतील एक भाग चुकला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे चार तास लागले, आणि तोवर त्या सेवेवर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळे बंद पडली. सेवा चालू आहे की बंद, हे दाखविणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच सेवेवर अवलंबून असल्याने तोदेखील अद्ययावत करता येईना. कंपनीने नंतर जो खुलासा प्रसिद्ध केला, त्यात त्या माणसाला दोष न देता, एका चुकीने इतके सर्व्हर निघू देणारे साधन सुधारल्याचे सांगितले आहे. तो खुलासा वर्गात वाचून घेण्याजोगा आहे. दुसरी घटना १० मार्च २०२१ ची. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून पाच मजली इमारत जळून गेली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण ज्यांनी आपल्या माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. ढगाला आग लागू शकते, हे विद्यार्थ्यांना त्या दिवसाएवढे स्पष्टपणे कोणी सांगितले नसेल.

बिघाडावरून करारातील टक्केवारीकडे वळता येते. वर्षभरात ९९.९ टक्के सेवा याचा अर्थ सुमारे पावणेनऊ तास बंद; ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे त्रेपन्न मिनिटे. निकालाच्या सेवेला यांपैकी काय पुरेल? पावणेनऊ तास मध्यरात्रीचे असतील तर बिघडले नाही, पण तीच वेळ निकालाच्या दुपारी आली तर? असा प्रश्न परीक्षेत यावा.

परीक्षेचा विषय निघालाच आहे, तर विद्यापीठाच्या व्यवस्थेविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे. संलग्न महाविद्यालयांना अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडून येतो. तो काही वर्षे तसाच राहतो, आणि तोवर कंपन्यांच्या सेवांची नावे, पडदे व बटणे बदलून जातात. यावर उपाय म्हणून अभ्यासक्रम दरवर्षी बदला असे म्हणणे व्यवहार्य नाही. त्यापेक्षा अभ्यासक्रमाच्या मजकुरात कोणत्याही कंपनीच्या सेवेचे नाव घालूच नये. ती नावे प्रात्यक्षिकाच्या वहीत असावीत, कारण ती वही महाविद्यालयाला दरवर्षी बदलता येते. स्वायत्त महाविद्यालयांना अधिक मोकळीक आहे, आणि म्हणूनच कंपनीची तयार सर्टिफिकेटची पुस्तिका अभ्यासक्रम म्हणून उचलण्याचा मोह त्यांना अधिक होतो. सर्टिफिकेट वाईट नव्हे, नोकरीच्या अर्जात त्याचा उपयोगही होतो. मात्र ते कंपनीच्या वस्तूचे ज्ञान तपासते, आणि विद्यापीठाच्या पदवीने त्याहून अधिक काळ टिकणारे काही द्यावे, अशी पालकांची अपेक्षा रास्त आहे. केवळ व्याख्यानांची उणीव असेल, तर आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापक सौम्यकांती घोष यांचा या विषयावरील एनपीटीईएल अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतो. त्यासाठी बाहेर हजारो रुपयांचा क्लास लावण्याची गरज नाही.

गाळण्याच्या बाबतीत कठोर व्हावे लागेल. कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन, इंटरनेटला जोडलेली उपकरणे, हे सर्व ‘क्लाऊडवर चालते’ म्हणून एकेका तासाचे प्रकरण जोडण्याची प्रथा सोडून द्यावी. बाजारातील सेवांच्या तुलनेचे तक्तेही नकोत. वाचलेले तास गर्दीच्या चाचणीला आणि तार उपसण्याला द्यावेत.

मूल्यमापनात लेखी परीक्षा राहणारच. तिच्या जोडीला प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या खात्याचे बिल घेऊन तोंडी परीक्षेस बसावे. कोणत्या दिवशी किती तास यंत्र चालले, साठवणीचे किती झाले, माहिती बाहेर पाठविण्याचे वेगळे पैसे का लागले, हे ज्याला ओळीने सांगता येते त्याला विषय समजला असे मानण्यास हरकत नाही. शेवटच्या आठवड्यात सर्वांनी आपापली यंत्रे बंद करावीत, साठविलेल्या प्रती पुसाव्यात आणि पुढील महिन्याचे शून्य रकमेचे बिल सादर करावे. ते बिल सत्र संपल्यावर येते. तेव्हा त्या प्रात्यक्षिकाचे गुण प्राध्यापकांनी बिल हाती आल्यावरच नोंदवावेत आणि सत्राचे वेळापत्रक आखतानाच तेवढ्या दिवसांची सोय करून ठेवावी.